अर्भकाचे असामान्य श्वसनध्वनी

जन्मापासून साधारण एक वर्षापर्यंतच्या बालकाच्या श्वासासोबत ऐकू येणारे घुरघुर, घरघर, कण्हणे, शीळ इत्यादी आवाज. यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. काही मात्र श्वासमार्गातील अडथळ्याची किंवा फुप्फुसाच्या आजाराची पहिली खूण ठरतात. आवाज किती मोठा आहे यावरून आजाराची तीव्रता कळत नाही. श्वासाची गती, श्वासासाठी बाळाला पडणारे कष्ट आणि दूध ओढण्याची ताकद यांवरून ती कळते.

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाकपुड्या इतक्या अरुंद असतात, की थोडा शेंबूड किंवा उलटून आलेले दूधही घुरघुर होण्यास पुरते. पाठीवर तळहात ठेवला, तर ही घुरघुर छातीतच जाणवते आणि कफ साठल्याचा समज होतो. मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब घातल्यावर आवाज थांबल्यास तो नाकाचाच होय. झोपेत नवजात बाळाचा श्वास काही वेळ भराभर चालतो, पाच-दहा सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. हे आवर्ती श्वसन स्वाभाविक आहे. हा खंड 20 सेकंदांपर्यंत लांबणे, किंवा त्याहून लहान खंडातही ओठ निळे पडणे वा अंग ढिले पडणे, हे स्वाभाविक नव्हे.

श्वास आत घेताना होणारी कर्कश घरघर (स्ट्रायडर) स्वरयंत्राच्या आसपासचा अडथळा दाखवते. श्वास सोडतानाची शीळ (व्हीझ) फुप्फुसातील बारीक श्वासनलिकांतून येते. आरएसव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या ब्राँकिओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांचा दाह) ती वारंवार आढळते. 4 मिमी. व्यासाच्या नळीत सर्व बाजूंनी 1 मिमी. सूज आली, तर त्रिज्या निम्मी होते आणि संथ प्रवाहाच्या गणिताने हवेचा विरोध सोळापट वाढतो. साधी सर्दीही तान्ह्या बाळाला जड का जाते, हे यावरून ध्यानात येते.

अर्भकातील स्ट्रायडरचे सर्वांत नेहमीचे कारण लॅरिंगोमलेशिया (स्वरयंत्रमृदुता) हे आहे. श्वास घेताना स्वरयंत्राच्या वरचा मऊ भाग आत ओढला जातो. आवाज बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो, उताणे निजवल्यावर, रडताना व पिताना वाढतो आणि दीड-दोन वर्षांपर्यंत सहसा आपोआप नाहीसा होतो. या विकाराची वर्णने एकोणिसाव्या शतकापासून मिळतात. आजचे नाव 1942 च्या सुमारास अमेरिकी स्वरयंत्रतज्ज्ञ शेव्हालिए जॅक्सन यांच्या लेखनातून रूढ झाल्याचे सामान्यतः मानले जाते. ‘मलेशिया’ म्हणजे मऊपणा. त्यामुळे स्वरयंत्राची कूर्चा (लवचिक, हाडासारखा भाग) अपरिपक्व असते ही उपपत्ती नावातच गृहीत धरली गेली. ऊतिपरीक्षणात (ऊतींच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत) मात्र कूर्चा बहुधा सामान्य आढळली. जठरातील आम्ल वर येऊन सूज येते असेही एक मत आहे, परंतु ती सूज कारण की परिणाम हे ठरवणे कठीण. स्वरयंत्र उघडे ठेवणाऱ्या स्नायूंवरील चेतानियंत्रण (मज्जातंतूंचे नियंत्रण) पुरेसे विकसित झालेले नसते, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. पालथे घातल्यावर आवाज कमी होतो, तरी झोपवताना बाळाला उताणेच ठेवावे. पालथ्या झोपेत आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो.

प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी ऐकू येणारे बारीक कण्हणे हा यांतील सर्वांत गंभीर ध्वनी. फुप्फुसातील वायुकोश मिटू नयेत म्हणून बाळ स्वरयंत्र अर्धवट बंद करून हवेचा दाब राखत असते. शौचाच्या वेळी कुंथण्याचा आवाज तेवढ्यापुरता असतो. हे कण्हणे श्वासागणिक चालू राहते. झबले वर करून पाहिल्यास श्वासासरशी बरगड्यांखालची कातडी आत खेचली जाताना दिसते, नाकपुड्या फुलतात, मान हलते. ही लक्षणे, शांत असतानाही चालू राहणारा स्ट्रायडर, ओठांची निळसर छटा, पिणे सोडणे किंवा दोन महिन्यांखालील बाळाला ताप असल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठावे. शेंगदाण्यासारखा पदार्थ तोंडात असताना एकाएकी ठसका लागून घरघर सुरू झाल्यासही तेच करावे. कष्टाने श्वास घेणारे बाळ मलूल होऊन आवाज कमी झाला, तर तो उतार समजू नये. ते थकलेले असते.

मराठीत न्यूमोनियासारख्या आजाराला ‘डबा’ किंवा ‘हब्बाडब्बा’ म्हणतात. पोट डब्यासारखे फुगलेले दिसते यावरून हे नाव पडले असावे. ‘पोट उडणे’ हा शब्दप्रयोग बरगड्यांखालचा भाग आत खेचला जाण्याच्या लक्षणाचे नेमके वर्णन करतो. यावर पोटाला चटके देण्याचा प्रकार काही भागांत आढळतो. त्याने बाळाला जखमा होतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर सुइणींसाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले श्वासमापक तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. मोजणी बाळ शांत असताना, पोटाच्या वरखाली होण्याकडे पाहून, पूर्ण एक मिनिट करावी. दोन महिन्यांखालील बाळात आकडा जास्त आल्यास ती पुन्हा एकदा करावी.