योगाभ्यास आणि शालेय मुलांचे अवधान

आसने, प्राणायाम आणि ध्यान यांच्या नियमित सरावाने शाळकरी मुलांचे लक्ष अभ्यासात अधिक टिकते का, हा शिक्षण आणि मानसशास्त्र या दोन्ही शाखांचा अभ्यासविषय आहे. पुणे परिसराचे योगाशी जुने नाते आहे. योगाची शास्त्रीय तपासणी व्हावी म्हणून स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. त्यांनी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेत मुलांचे वर्गही चालत आले आहेत.

मुलांना मोठ्यांसारखे डोळे मिटून बराच वेळ बसवण्यात अर्थ नसतो. वृक्षासनात एका पायावर उभे राहून समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर रोखायची असते. नजर भिरभिरली की तोल जातो. लक्ष सुटल्याचे मुलाला स्वतःलाच त्या क्षणी कळते, बाईंना ओरडावे लागत नाही. या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

अवधान मोजण्यासाठी अक्षरे खोडण्याची चाचणी घेतात: अक्षरांनी भरलेल्या कागदावर नेमून दिलेली अक्षरे ९० सेकंदांत शोधून खोडायची. स्ट्रूप चाचणीत निळ्या शाईत छापलेला ‘लाल’ हा शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. दुसऱ्यांदा चाचणी देताना मुले सरावानेच पुढे जातात, म्हणून योग न करणाऱ्या मुलांशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. हरिद्वार येथील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १३ वर्षांच्या ९८ मुलांपैकी काहींना योग, तर काहींना शारीरिक व्यायाम तीन महिने दिला गेला. स्ट्रूप चाचणीत दोन्ही गटांची प्रगती झाली. म्हणजे या चाचणीत योग व्यायामापेक्षा सरस ठरला नाही; त्यामुळे पीटीचा तास कापून तो बसवणे चुकीचे ठरेल.

२१ जूनला मैदानावर एकदा सतरंज्या अंथरल्याने अवधान वाढत नाही. परिपाठानंतरची रोजची दहा मिनिटे जास्त कामाची. आसने डबा खाल्ल्यावर लगेच घेऊ नयेत. अवधानन्यूनता व अतिचंचलता असलेल्या मुलांसाठी योग पूरक ठरू शकतो; डॉक्टरांनी सुरू केलेले उपचार त्यासाठी थांबवू नयेत.