आल्दो साम्ब्रेल : लिओनेच्या टोळीतला हक्काचा गुंड

इटालियन डायरेक्टर सर्जिओ लिओनेचे, क्लिंट ईस्टवुड हीरो असलेले डॉलर्सवाले तिन्ही वेस्टर्न (म्हणजे काउबॉय-बंदुकांचे पिक्चर) लागोपाठ बघितले की एक चेहरा सारखा भेटत राहतो, रापलेला, काळ्या केसांचा, बघूनच वाटावं की याच्याकडे पाठ करू नये, आणि दरवेळी पिक्चर संपायच्या आत गडी गोळी खाऊन आडवा. हाच आल्दो साम्ब्रेल. नाव इटालियन वाटतं पण माणूस माद्रिदचा, जन्म १९३१, खरं नाव आल्फ्रेदो सांचेझ ब्रेल, आणि अ‍ॅक्टिंगमध्ये यायच्या आधी चक्क फुटबॉलपटू, मेक्सिकोतसुद्धा खेळलेला.

आता हाच चेहरा सारखा का दिसतो, तर त्यामागे पैशाचं गणित आहे. साठच्या दशकात हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतल्या स्पेनमध्ये शूटिंग स्वस्त पडायचं, आणि बरेचसे वेस्टर्न इटली-स्पेन किंवा सोबत पश्चिम जर्मनी अशा भागीदारीत बनायचे. म्हणजे पैसा, सवलती वाटून घ्यायच्या तर कलाकार पण वाटून घ्यायचे, हीरो अमेरिकेचा, डायरेक्टर इटलीचा, आणि टोळीतले गुंड स्पेनचे! दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरियाजवळचं ताबेर्नासचं वाळवंट टेक्सास-मेक्सिको म्हणून सहज खपायचं. घोडा येतो, पडता येतं आणि चेहरा लक्षात राहतो असा लोकल माणूस मिळाला की त्याला कशाला सोडतील.

भाषेचाही प्रश्न नव्हता, कारण आवाज नंतर डब व्हायचा, सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. त्यामुळे सगळी मदार चेहऱ्यावर, आणि लिओनेला तर क्लोजअपचं वेडच.

‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) मध्ये साम्ब्रेल कुचियो झालाय, आणि त्याच्यावर गद्दारीचा आळ घालून म्होरक्या इंडियोच त्याला संपवतो. आपल्याकडे ‘शोले’त विजू खोटेंचा कालिया सरदाराच्याच हातून मरतो ना, साधारण तीच गत.

पण माझ्या मते त्याचं खरं काम बघायचं तर दुसरा इटालियन डायरेक्टर कोर्बुची याचा ‘नवाहो जो’ (१९६६) बघा. तिथे तो टोळीतला एक नाही, मेन व्हिलन डंकन आहे, डॉलरसाठी रेड इंडियन लोकांच्या डोक्याची कातडी सोलणारा, आणि समोर तरुण बर्ट रेनॉल्ड्स. पिक्चर हीरोच्या नावावर आहे खरा पण लक्षात डंकन राहतो, इतका थंड क्रूरपणा इतर ठिकाणी दोन मिनिटांत मरणाऱ्या या माणसात होता हे बघून जरा वाईटच वाटतं.

१९७० ला ‘ट्रिनिटी’ आला, वेस्टर्नची कॉमेडी झाली आणि काही वर्षांत सगळा धंदाच बसला. साम्ब्रेल थांबला नाही, ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्येही दिसतो, पुढे मिळेल ते करत राहिला, एकूण पिक्चर शंभराच्या बरेच वर. २०१० मध्ये आलिकांते इथे गेला.