ऑइलचा दिवा लागला, म्हणजे सेन्सरच गेला का?

गाडी आमच्या गॅरेजमध्ये येते तेव्हा निदान बहुतेक वेळा आधीच झालेलं असतं : "ऑइल प्रेशरचा सेन्सर गेलाय, बदलून टाका." कधी कधी तो खरंच गेलेला असतो. पण नवा सेन्सर बसवूनही चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला, तर खर्च वाया जातो आणि बिघाड जागच्या जागी राहतो. म्हणून सेन्सरला पाना लावण्याआधी आम्ही काय पाहतो, ते इथे सांगतो.

पण आधी तुमचं काम. चालत्या गाडीत झारीसारख्या चिन्हाचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. "सेन्सरच असेल, बघू घरी गेल्यावर" म्हणत दामटू नका. दाब खरोखरच गेला असेल, तर बेअरिंगची वाट लागायला काही मिनिटं पुरतात. पाचेक मिनिटं थांबून ऑइलची काडी काढा, पुसा, परत घालून पाहा. कमी असेल तर ऑइल घाला. पातळी बरोबर दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका; काडी इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधलं ऑइल दाखवते, पंप ते वर ढकलतोय की नाही हे तिला कळत नाही. दिवा विझत नसेल, तर गाडी टो करूनच आणा.

आमच्याकडे पहिली तपासणी दाबाचीच होते. सेन्सर काढून त्याच्या जागी साधं काट्याचं गेज लावतो आणि इंजिन गरम झाल्यावर, आयडलिंगला आणि रेसवर, दाब मोजून कंपनीच्या आकड्यांशी ताडून पाहतो. गरम इंजिनात आयडलिंगला दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो, तेव्हा तर गेजशिवाय बोलूच नये. अशा वेळी सेन्सर खरं सांगत असण्याची शक्यता बरीच असते : ऑइल पातळ झालेलं, नाहीतर बेअरिंग झिजलेली.

गेजवर दाब नीट आला, म्हणजे खोट विजेच्या बाजूला. इथे गाडीगाडीत फरक आहे. जुन्या पद्धतीत एका वायरचा साधा स्विच असतो. दाब नसताना तो वायर इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला, जोडतो आणि दिवा लागतो; दाब आला की तोडतो. वायर काढल्यावरही दिवा जळत राहिला, तर वायर कुठेतरी अर्थ होतेय, स्विच निर्दोष आहे. उलट, चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर वायर काढून अर्थला टेकवायची. मग दिवा लागला तर स्विच खराब, नाही तर वायर किंवा बल्ब. गळू नये म्हणून या स्विचच्या आट्यांवर कुणी पांढऱ्या टेपचे वेढेच्या वेढे दिले असतील, तर त्याचं अर्थिंगच तुटू शकतं.

तीन वायरच्या सेन्सरला मात्र कॉम्प्युटरकडून ५ व्होल्ट मिळतात, दुसरी वायर अर्थची, तिसरी सिग्नलची. बऱ्याच सेन्सरमध्ये दाब शून्य असताना सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास असतो आणि दाबाबरोबर ४.५ पर्यंत चढतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी-०५२२ आला तर सिग्नलचे व्होल्ट नको तितके कमी आहेत, पी-०५२३ आला तर जास्त. सेन्सर खराब आहे, असं यातला एकही कोड म्हणत नाही. पी-०५२४ तर थेट दाब कमी असल्याचंच सांगतो.

मग कपलर, म्हणजे सेन्सरला वायरी जोडणारा प्लग, उघडतो. आत ऑइल दिसलं, तर सेन्सर आतून फुटलाय, आणि तेच ऑइल वायरमधून वर चढत गेलेलंही आम्ही पाहिलंय. कपलर कोरडा असेल, तर ५ व्होल्ट येतात का ते पाहायचं. येत नसतील, तरी लगेच कॉम्प्युटरला दोष देत नाही. तीच ५ व्होल्टची लाइन पुष्कळदा आणखी दोन-तीन सेन्सरना गेलेली असते आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळेच आडवे होतात. एकेक कपलर काढत जायचं. ज्याच्यापाशी व्होल्ट परत येतात, तो चोर. मल्टीमीटरची सुई आम्ही कपलरच्या मागच्या बाजूने घालतो. वायरला टोचलं की त्या भोकातून पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि काही महिन्यांनी नवीनच दुखणं उभं राहतं.

एक गाडी दोन नवे सेन्सर बसवून झाल्यावर आमच्याकडे आली. उभी असताना सगळं ठीक, चढावर दिवा लागायचा. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, धरणारी एक क्लिप तुटली होती. जोर पडला की इंजिन थोडं कलायचं, सिग्नलची वायर ब्रॅकेटच्या कडेला घासायची आणि नखाएवढ्या उघड्या जागेतून अर्थ व्हायची. वायर सांधली, क्लिप नवी लावली. ती जागा सापडायला निम्मा दिवस गेला, क्लिप लावायला दोन मिनिटं.

म्हणून गाडी आणताना दिवा नेमका केव्हा लागतो ते सांगा : थंड इंजिनात की गरम, चढावर की खड्ड्यात, पावसानंतर की धुतल्यावर. आणि येण्याआधी बॅटरीची वायर काढून किंवा कुणाकडून कोड पुसून घेऊ नका. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, तापमान आणि वेग किती होता, हेही बऱ्याच गाड्यांत साठवलेलं असतं. कोडबरोबर तेही पुसलं जातं.