बुबुळाच्या कडेची पांढरी रिंग आणि बुबुळावरचा पिवळट डाग : चरबी दोन्हीत, पण नजर एकातच जाते

निपाणी, चिक्कोडी, खानापूर कुठंही जावा, साठी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्यात जवळून बघितलं की बुबुळाच्या कडेनं राखाडी-पांढरी रिंग दिसतीय बऱ्याच जणांना, आणि घरातलं कोणतरी म्हणतंयच, "तात्यांना मोतीबिंदू आलाय की हो". मोतीबिंदू आत भिंगात असतोय, त्याचा इथं काय संबंध नाही. ही रिंग म्हणजे कॉर्नियात, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, साठलेली कोलेस्टेरॉलसारखी चरबी. डॉक्टर आर्कस म्हणतात. खरा घोळ होतोय तो लिपिड केराटोपॅथीशी, म्हणजे बुबुळावरच्या पिवळट डागाशी, कारण तिथं पण चरबीच साठते.

आर्कस बहुतेक दोन्ही डोळ्यात असतोय. आधी वर आणि खाली कमान दिसते, मग टोकं जुळून रिंग. नजरेला काय होत नाही, आपण बघतोय मधल्या बाहुलीतून आणि ती साफच राहते, त्यामुळं ड्रॉप घालून रिंग घालवायच्या नादाला लागू नका, जात नाही ती. ऐंशीच्या घरात तर जवळजवळ सगळ्यांनाच असते. पण चाळीशीच्या आतल्या पोराला दिसली की डोळ्याचं सोडा, आधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा, त्यात घरात कुणाला लहान वयात हार्ट अटॅक आलेला असला तर टाळाटाळ नकोच. आणि रिंग एकाच डोळ्यात असली तर कधीकधी उलटंच असतंय, ज्या बाजूला रिंग नाही त्या बाजूची मानेतली रक्ताची नळी चोंदलेली निघते.

लिपिड केराटोपॅथीचं वयाशी काय देणंघेणं नाही. आपल्याकडं ऊस तोडताना पात डोळ्याला लागते, भात मळताना कुसळ उडतंय, मग मेडिकलमधनं कुठला तरी स्टिरॉइडचा ड्रॉप आणून घालायचा, आत फंगस असला की जखम अजून चिघळते (हे थांबायला पाहिजे खरंच). नागीण किंवा हर्पिस डोळ्यात झाला तरी तसंच. कॉर्नियात एरवी रक्तवाहिन्या नसतातच, पण जखम, सूज राहिली की त्या कडेनं आत शिरतात, त्यातनं चरबी पाझरते आणि पिवळट-सायीसारखा, पंख्यासारखा पसरलेला डाग दिसायला लागतो, बहुतेक एकाच डोळ्यात. डाग कडेला असेपर्यंत चालतंय, बाहुलीसमोर सरकला की धूसर दिसतंय, रात्री समोरच्या गाडीची लाईट फाकते, कॉर्नियाचा आकार बिघडला तर चष्म्यानं पण नीट दिसत नाही. विनाकारण, रक्तवाहिन्यांशिवाय होणारा प्रकार पण आहे, पण क्वचित.

इलाजात आधी सूज आणि इन्फेक्शन आटोक्यात आणतात, मग इंजेक्शन, लेझर नाहीतर बारीक सुईनं त्या रक्तवाहिन्या बंद करायला बघतात. डाग मध्येच बसला असेल तर शेवटी कॉर्निया बदलायची वेळ येते, आणि रक्तवाहिन्या शिरलेल्या डोळ्यात शरीर नवीन कॉर्निया नाकारायची भीती जास्त, म्हणून लाल डोळा, पाणी, उजेड सहन न होणं सुरू झालं की त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडं जावा.