रविवारची थाळी आणि स्त्री समाजाची थैली

स्त्री समाजाच्या, म्हणजे चर्चमधल्या बायकांच्या मंडळाच्या, नव्या खजिनदारबाईंना आधी सांगायचे ते हे, की चर्चमध्ये रविवारी फिरणारी दानार्पणाची थाळी आपली नव्हे. समाजाचा पैसा वेगळा जमतो, वेगळ्या वहीत चढतो, वेगळ्या खात्यात जातो. काहींना हा पाळकसाहेबांवरचा अविश्वास वाटतो. कारण त्याहून फार जुने आहे, आणि अविश्वास असलाच तर तो उलट बाजूने होता.

२३ मार्च १८६९ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या ट्रेमाँट स्ट्रीट चर्चमध्ये, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या, भर पावसात जेमतेम आठ बायका जमल्या. हिंदुस्थानात राहून आलेल्या क्लेमेंटिना बटलर आणि लोइस पार्कर यांचे म्हणणे साधे होते: पडद्यातल्या बायकांपर्यंत पुरुष मिशनरी आणि पुरुष डॉक्टर पोचत नाहीत, तिथे बायकाच पाठवा. संस्था उभी राहिली, पण पुरुषांच्या मिशन बोर्डाला आपली वर्गणी आटेल अशी धास्ती वाटली. म्हणून घटनेतच अट आली, की नेहमीच्या उपासनेत या संस्थेसाठी पैसे मागायचे नाहीत. मग बायकांनी सभासद जोडले. वर्षाला एक डॉलर, म्हणजे आठवड्याला साधारण दोन सेंट. त्याच वर्षी निघालेल्या इसाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन जानेवारी १८७० मध्ये मुंबईला उतरल्या. एकीने लखनौला शाळा काढली, दुसरीने बरेलीला दवाखाना.

वेगळा वार, वेगळी सभा, वेगळी थैली ही सवय त्या अटीतून आली. अट गेली, सवय राहिली. आमच्या मते ते बरेच झाले.

आमच्या नाशकात प्रोटेस्टंट काम मुळात चर्च मिशनरी सोसायटीचे, म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचे. शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत त्यांनी १८५४ मध्ये वसवली. मेथडिस्ट आले ते मुंबईहून रेल्वेच्या कडेने, इगतपुरीच्या रेल्वे कामगारांत. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाले तेव्हा अँग्लिकन त्यात गेले, अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले आणि १९८१ पासून ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वायत्त झाले. त्यांचा स्त्री समाज तो डब्ल्यूएससीएस (वुमन्स सोसायटी ऑफ ख्रिश्चन सर्व्हिस), सीएनआयचा तो डब्ल्यूएफसीएस (वुमेन्स फेलोशिप फॉर ख्रिश्चन सर्व्हिस). एका अक्षराचा फरक. पावतीवर नेमके हेच चुकते, म्हणून पूर्ण नाव लिहावे.

मासिक सभा बहुधा कुणाच्या तरी घरी, दुपारी. गीत, वचन, प्रार्थनाविनंत्या, मागचे इतिवृत्त, हिशेब. थैली चहाच्या आधी फिरवावी. चहानंतर निम्म्या जणी उठलेल्या असतात. दोघींनी मोजायचे, आकडा तिथेच मोठ्याने वाचायचा, वहीत दोघींच्या सह्या. घोटाळा चोरीने क्वचितच होतो. तो होतो वर्गणी खजिनदारबाईंच्या स्वतःच्या यूपीआयवर आल्यामुळे: किराणा आणि समाज एकाच खात्यात, वर्षअखेरी जमत नाही, आणि बिचारी पदरचे भरते. समाजाच्या नावाचे, दोन सह्यांचे खाते हाच उपाय. वरच्या पातळीवर पाठवायची कबूल रक्कमही तिमाहीला पाठवावी. शेवटी एकदम म्हटले की ती अर्धीच निघते.

‘लहानात लहान नाणे’ ही याच सवयीची देशी शाखा. १९५६ मध्ये कोरियाचा व्हिसा नाकारला गेलेल्या शांती सॉलोमन यांना ती सुचली. प्रत्येक प्रार्थनेला आपल्या देशातले सर्वांत लहान नाणे बाजूला ठेवायचे, म्हणजे श्रीमंत आणि गरीब बाई सारखीच देते. वर्षभर विसरून शेवटी शंभराची नोट टाकणे हे उदारपण नव्हे, हिशेबच चुकला. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैसे कायद्याने चालतात, पण दुकानदार घेत नाही, तेव्हा रुपयाच धरावा. कुणाला नाण्यांत पैसे चुकवताना लक्षात ठेवा, की रुपया आणि वरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत, ५० पैशांची मात्र दहा रुपयांपर्यंतच.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक प्रार्थनादिनी, दोन्ही समाज एकत्र बसतात. त्या दिवसाचे अर्पण यजमान चर्चचे नसते. ते दोन्हीकडच्या एकेकीने मोजावे, आणि रविवारच्या थाळीशी गाठ पडण्याआधी रवाना करावे.