पहिला आडवा झाल्यावर : ग्रीन बेच्या रिसीव्हरांची पार्श्वभूमी

२४ एप्रिल २०२५. विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या जेमतेम लाखभर वस्तीच्या गावात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट भरला होता. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने उचलायचे, असा हा वार्षिक बाजार. तेविसावी पाळी ग्रीन बेच्याच पॅकर्स संघाची आली तेव्हा क्लबचे मावळते अध्यक्ष मार्क मर्फी स्वतः मंचावर आले आणि त्यांनी नाव वाचलं : मॅथ्यू गोल्डन, वाइड रिसीव्हर (पुढे पळत जाऊन पास झेलणारा), टेक्सास विद्यापीठ. गर्दीने जो गलका केला तो एकट्या गोल्डनसाठी नव्हता. पहिल्या फेरीत पॅकर्सनी याआधी वाइड रिसीव्हर घेतला होता तो २००२ मध्ये, जॅव्हन वॉकर. मधली तेवीस वर्षं लोक दर एप्रिलला आशेने बसायचे आणि बहुतेक वेळा दुसराच कोणी बचावपटू पदरात घेऊन उठायचे.

बाहेरच्याला वाटेल, पोरगा तर घेतलाय एक, त्यात एवढं काय? ते कळायला थोडं मागे जावं लागतं. बरंच मागे.

आधी शब्दाचं बघू. अमेरिकन प्रशिक्षक रिसीव्हरांच्या ताफ्याला ‘रिसीव्हर रूम’ म्हणतात, कारण आठवडाभर हे सगळे एका खोलीत बसून चित्रफिती बघतात. आणि त्या ताफ्यात किती दम आहे, याला ते ‘डेप्थ’ म्हणतात. मराठीत दोन्हींना एकच शब्द, खोली. त्यामुळे ‘ग्रीन बेची खोली किती खोल?’ हा प्रश्न मराठीत विचारायला मजा येते. उत्तर मात्र सोपं नाही. ५३ जणांच्या संघात साधारण पाच-सहा वाइड रिसीव्हर असतात. कागदावर ही नावं मोजून खोली ठरत नाही. ती दिसते पहिला खेळाडू मैदानाबाहेर गेल्यावर, आणि ग्रीन बेच्या इतिहासात तो नको त्या दिवशी पुष्कळ वेळा गेला आहे.

सुरुवात मात्र एकट्या माणसापासून होते. अलाबामाचा डॉन हटसन १९३५ मध्ये आला. त्याने ग्रीन बे आणि ब्रुकलिन अशा दोन्ही संघांच्या करारांवर सह्या केल्या होत्या. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी ज्याच्या पाकिटावर टपालाचा शिक्का आधीचा तो करार खरा धरला, अशी कथा सांगतात. शिकागो बेअर्सविरुद्ध पहिल्याच झेलावर त्याने ८३ यार्डांचा टचडाउन केला (टचडाउन म्हणजे चेंडू घेऊन समोरच्याची गोलरेषा गाठणं). १९४२ मध्ये त्याने ७४ झेल घेतले. त्या वर्षी लीगमध्ये दुसऱ्या नंबरावर असलेल्याचे होते २७. कारकिर्दीतले त्याचे ९९ टचडाउन झेल हा विक्रम १९८९ पर्यंत टिकला. तो १९४५ नंतर थांबला आणि १९४८ ते १९५८ या अकरा वर्षांत पॅकर्सना एकदाही हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकता आले नाहीत. सगळा दोष हटसनच्या जाण्याला देणं अन्यायाचं होईल, पैशाची ओढाताणही होती. पण एका माणसाच्या खांद्यावर घर उभं केलं की काय होतं, हे गावाने तेव्हा बघून ठेवलं.

(गाव म्हणतो ते उगाच नाही. हा क्लब कुणा शेठजींचा नाही, लाखो भागधारकांचा आहे. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद असतात तसे. फक्त इथे ना लाभांश, ना दिवाळीची साखर.)

मग प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींचा काळ. १५ जानेवारी १९६७, लॉस एंजेलिस, पुढे पहिला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, म्हणून ओळखला गेलेला सामना. समोर कॅन्सस सिटी चीफ्स. मॅक्स मॅगी चौतीस वर्षांचा होता. अख्ख्या नियमित हंगामात त्याच्या नावावर चार झेल होते. आपल्याला कोण खेळवतंय, म्हणून तो आदल्या रात्री हॉटेलातून सटकला आणि सकाळी उगवला. सामना सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात, तोच बॉइड डाउलरचा खांदा गेला. मॅगीला बोलावणं आलं. त्याचं हेल्मेट ड्रेसिंग रूममध्येच राहिलं होतं, दुसऱ्याचं डोक्यावर चढवून तो आत गेला. थोड्याच वेळात क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, बार्ट स्टार याचा पास त्याच्या मागे पडला. मॅगीने मागे हात टाकून एका हातात चेंडू धरला आणि पळत सुटला. ३७ यार्ड, सुपर बोलच्या इतिहासातला पहिला टचडाउन. दिवसअखेर त्याचे ७ झेल, १३८ यार्ड, २ टचडाउन. सामना ३५-१० असा ग्रीन बेचा.

ही गोष्ट ‘रात्रभर जागलेला हिरो’ म्हणून सांगतात. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. मॅगी सात-आठ वर्षं त्याच आक्रमणात मुरलेला होता. स्टार कुठे बघणार आणि चेंडू कधी सुटणार, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं, आणि त्या दिवशी तो जवळजवळ झोपेतच होता. बाकावरच्या माणसाची किंमत करताना ही मुरलेली समज आकड्यांत कुठेच दिसत नाही.

मधली वर्षं झपाट्याने ओलांडू. एवढंच लक्षात ठेवायचं की १९७८ मध्ये नियम बदलला : स्क्रिमेज रेषेपासून (जिथून डाव सुरू होतो ती रेषा) पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्काबुक्की करायला बंदी आली. पासिंग फोफावलं आणि दोन रिसीव्हरांवर भागणाऱ्या संघांना हळूहळू तिसरा, मग चौथा लागू लागला.

स्टर्लिंग शार्प १९८८ मध्ये पहिल्या फेरीत आला. १९९२ मध्ये १०८ झेल, तेव्हाचा लीगचा विक्रम, आणि पुढच्या वर्षी त्याने तोच मोडून ११२ केले. १९९४ मध्ये १८ टचडाउन झेलले आणि त्याच हंगामाच्या अखेरीस मानेच्या दुखापतीने कारकीर्द संपली. वय एकोणतीस. पुन्हा हटसनची पाळी, असं गावाला वाटलं असणार. पण १९९५ मध्ये रॉबर्ट ब्रुक्सने १०२ झेल घेऊन १४९७ यार्ड काढले.

आणि १९९६ हे तर खोलीचं पाठ्यपुस्तकच. १४ ऑक्टोबर, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध सोमवार रात्रीचा सामना, पहिलाच डाव. ब्रुक्स ब्लॉक करायला (समोरच्याला अंगाने अडवायला) गेला आणि गुडघा गमावून बसला. त्या रात्री डॉन बीबीने ११ झेलांत २२० यार्ड काढले आणि पॅकर्स जादा वेळेत जिंकले. मग अँटोनियो फ्रीमनचा हात मोडला. लागोपाठ दोन पराभव झाले. बीबी चांगला होता, पण एका रात्रीचा पराक्रम म्हणजे महिनाभराचा भार नव्हे. नोव्हेंबरमध्ये संघाने जॅक्सनव्हिलने सोडून दिलेल्या आंद्रे रायझनला उचललं. फ्रीमन परतला. त्यानंतर संघ त्या हंगामात एकही सामना हरला नाही. २६ जानेवारी १९९७ च्या सुपर बोलमध्ये पॅकर्सच्या दुसऱ्याच डावावर रायझनने ५४ यार्डांचा टचडाउन केला, पुढे फ्रीमनने ८१ यार्डांचा. न्यू इंग्लंड ३५-२१ ने हरलं. खोली ऑगस्टमध्ये ठरून जात नाही, नोव्हेंबरमध्ये रस्त्यावरूनही उचलून आणता येते, हे तेव्हा दिसलं.

पहिल्या फेरीवाचून इतकी वर्षं कशी निघाली, तर त्यामागे टेड थॉम्पसन. २००५ ते २०१७ ते जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडणारे प्रमुख होते. रिसीव्हर दुसऱ्या फेरीत घ्यायचा, दोन-तीन वर्षं मुरू द्यायचा आणि वरचा थकला की त्याला वर काढायचा, असा त्यांचा हिशेब. ग्रेग जेनिंग्ज २००६, जॉर्डी नेल्सन २००८, रँडल कॉब २०११, डेव्हान्टे अ‍ॅडम्स २०१४, सगळे दुसऱ्या फेरीचे. लोणच्याची बरणी दरवर्षी भरून ठेवावी तसं. सोबत १९९९ मध्ये सातव्या फेरीत मिळालेला डोनाल्ड ड्रायव्हर होताच, जो दहा हजारांवर यार्ड काढून निवृत्त झाला.

६ फेब्रुवारी २०११ च्या सुपर बोलमध्ये पहिल्या अर्ध्यातच ड्रायव्हरचा घोटा गेला. नेल्सनकडे पास वळले. त्याने काही सरळ हातात आलेले चेंडू सोडले, आणि तरीही ९ झेल, १४० यार्ड घेऊन गेला. पिट्सबर्ग ३१-२५ ने हरलं.

पण बरणीही संपते. २०१४ मध्ये नेल्सन आणि कॉब दोघेही बाराशे यार्डांच्या पुढे गेले होते आणि संघाने ४८६ गुण केले, लीगमध्ये सर्वांत जास्त. ऑगस्ट २०१५ मध्ये एका सराव सामन्यात नेल्सनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. गुण ३६८ वर आले. पळणारे तेच, क्वार्टरबॅक तोच, आरन रॉजर्स. मग फरक कुठे पडला? नेल्सन असताना बचाव मागे सरकायचा आणि कॉबला मधली जागा मोकळी मिळायची. तो गेल्यावर कॉब कोंडला गेला आणि दुसऱ्या वर्षातला अ‍ॅडम्स एकदम पुढच्या रांगेत आला. आधी इथेच खेळून गेलेला जेम्स जोन्स परत आणला. जर्सीखाली टोपीवाला स्वेटशर्ट घालून खेळणारा तो अजून अनेकांना आठवतो. त्याने इमानाने काम केलं, पण बचावाला मागे ढकलणारा वेग त्याच्याकडे नव्हता. जागा भरली गेली, काम तसंच पडून राहिलं.

इथे थोडं तंत्र. एक्स, झेड आणि स्लॉट या तीन जागा. एक्स स्क्रिमेज रेषेवर उभा, म्हणून कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू) त्याला तिथेच अडवू शकतो. त्याच्याकडे ताकद आणि सुटण्याची कला हवी. झेड जरा मागे उभा राहतो आणि डावाआधी जागा बदलू शकतो. स्लॉट आतल्या बाजूला, लाइनबॅकरांच्या (मधल्या फळीतल्या बचावपटूंच्या) गर्दीत. सहा चांगले स्लॉट घेतलेत तर कागदावर ताफा भरगच्च दिसेल, पण एक्स पडला की तुम्ही उघडे पडाल. शिवाय चौथ्या-पाचव्या रिसीव्हरने पंटच्या वेळी, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्यांकडे दूर मारला की, धावत जाऊन तो घेणाऱ्याला पाडायचं असतं. ते जमत नसेल तर नुसत्या झेलांवर त्याला सामन्याच्या दिवशीची जागा मिळत नाही.

जेफ जॅनिस हा असाच सातव्या फेरीचा, मुख्यतः स्पेशल टीम्सचा, म्हणजे अशा लाथेच्या डावांचा गडी. २०१५ च्या नियमित हंगामात त्याचे दोन झेल. जानेवारी २०१६ मध्ये अ‍ॅरिझोनात अ‍ॅडम्स आधीच जायबंदी, कॉबला छातीवर मार बसला. शेवटच्या मिनिटात, स्वतःच्या गोलरेषेजवळ, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि गाठायचे वीस यार्ड. रॉजर्सने लांब फेकला, जॅनिस ६० यार्ड. मग घड्याळ संपता संपता ४१ यार्डांचा हवेतला धोंडा, दोन बचावपटूंच्या मधून पुन्हा जॅनिस. ७ झेल, १४५ यार्ड. जादा वेळेत पॅकर्स हरले. त्यानंतर जॅनिस कधी नियमित रिसीव्हर झाला नाही.

पुढे अ‍ॅडम्स इतका मोठा झाला की बाकीचे दिसेनासे झाले. २०२१ मध्ये १२३ झेल, १५५३ यार्ड, दोन्ही क्लबचे विक्रम. जानेवारी २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध घरच्या बर्फात १३-१० असा पराभव झाला, तेव्हा रॉजर्सच्या वीस यशस्वी पासांपैकी अठरा दोघांकडेच गेले होते, अ‍ॅडम्स आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) आरन जोन्स. त्या मार्चमध्ये अ‍ॅडम्सला लास व्हेगासकडे पाठवून पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची निवड घेतली. त्या वर्षी रिसीव्हरांचे करार भडकले होते, वर्षाला तीन कोटी डॉलरची भाषा सुरू झाली होती. पगाराला लीगची कमाल मर्यादा आहे, एकाला एवढं दिलं की बाकी कुठेतरी कात्री लागते.

मग आली नवी भरती. ख्रिश्चन वॉटसन दुसऱ्या फेरीत, रोमियो डब्स चौथ्या. वॉटसनने पदार्पणाच्या पहिल्याच डावावर हातात आलेला टचडाउन सोडला आणि नोव्हेंबरमध्ये डॅलसविरुद्ध तीन झेलले. २०२३ मध्ये जेडन रीड आणि डॉन्टेव्हियन विक्स आले. क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हच्या समोर पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरंच होती. त्या हंगामात एका सामन्यात झेलांवर शंभर यार्ड गाठणारा पॅकर्सचा पहिला खेळाडू कोण, तर सराव पथकातून वर आणलेला बो मेल्टन, तोही ३१ डिसेंबरला. दोन आठवड्यांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, डब्सने डॅलसविरुद्ध १५१ यार्ड काढले.

वाद इथूनच पेटला. एक बाजू म्हणते, सगळेच सारखे असतील तर बचाव कुणाला दुहेरी पहारा लावणार? दुसरी म्हणते, दुहेरी पहाऱ्याच्या लायकीचा एकही नसेल तर पहारेकरी मोकळेच राहतात. २०२४ मध्ये रीड ८५७ यार्डांसह सर्वांत पुढे होता, हजार कुणाचेच नाहीत. सुटलेले झेल फार. ५ जानेवारी २०२५ ला, नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, वॉटसनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढच्याच आठवड्यात फिलाडेल्फियात डब्स डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि संघाचे गुण झाले दहा. रनिंग बॅक जॉश जेकब्सने नंतर उघडच सांगितलं की संघाला एक सिद्ध झालेला पहिला रिसीव्हर हवा. माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं, कारण त्या रात्री ताफ्यात माणसं होती, पण बचावाने धास्ती घ्यावी असं कुणी नव्हतं.

म्हणून एप्रिलचा तो गलका. ४० यार्ड ४.२९ सेकंदांत पळणारा गोल्डन पहिल्या फेरीत, तिसऱ्या फेरीत आणखी एक, सव्हियन विल्यम्स. पाच महिन्यांनी, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात रीडचं गळपट्टीचं हाड मोडलं. वॉटसन अजून बाहेरच होता. २८ सप्टेंबरला डॅलसमध्ये सामना ४०-४० असा बरोबरीत सुटला आणि पॅकर्सकडून तीन टचडाउन झेलले ते चौथ्या फेरीत आलेल्या डब्सने. संघाबरोबरच्या त्याच्या पहिल्या कराराचं ते शेवटचं वर्ष होतं.