पुण्यात मोर्चा, धरणे, सभा: परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

‘सध्या जमावबंदी आहे’ एवढं ऐकून पोलीस ठाण्यातून माघारी आलेली माणसं मी फार पाहिली आहेत. तसं येऊ नका. आदेशाची प्रत मागा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(३) खालचा आदेश बहुतेक वेळा ‘पूर्वपरवानगीशिवाय’ सभा-मिरवणूक काढायला मनाई करतो. म्हणजे परवानगी मागायला वाट मोकळीच असते. शासनाच्या मंजुरीशिवाय तो आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालतही नाही. तारखा बघा.

संस्था नोंदणीकृतच हवी, हाही गैरसमज. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकाला दिलाय. ओळखपत्र आणि साध्या कागदावरचा अर्ज घ्या. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, मार्ग, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तींचे मोबाइल नंबर लिहा. मोर्चा असेल तर एक प्रत वाहतूक शाखेला.

खरी रखडपट्टी जागेच्या ना-हरकतीवर होते. मैदानवाले म्हणतात आधी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी मैदानाचं. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि एकाची पोच दुसऱ्याला जोडा. आवक शिक्का आणि तारखेशिवाय पोच घेऊ नका. तोंडी ‘ठीक आहे, करा’ ही परवानगी नव्हे!

पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. मोर्चा तिकडून इकडे येणार असेल तर अर्ज दोन्हीकडे करा.

लाउडस्पीकरची परवानगी वेगळी मागावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाणाऱ्यांनी ससून रुग्णालय जवळच आहे हे विसरू नये. आतल्या रुग्णांचा विचार आपणच करायचा.

आदल्या दिवशी हातात पडणाऱ्या नोटिशीने पुष्कळजण घाबरतात. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४९) असेल तर तो सहसा प्रतिबंधक इशारा असतो, अर्जाला नकार नव्हे. तरी मजकूर वाचा आणि सही करताना मिळाल्याची वेळ लिहा.

नकार मिळालाच तर कारणांसह लेखी मागा. पोलीस सभांचं नियमन करू शकतात, सरसकट बंदी घालू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने हिम्मतलाल शाह प्रकरणात १९७२ मध्येच सांगितलंय. पण दाद मागायला मुंबईला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि आदल्या दिवशी अर्ज दिलेल्याला तेवढा वेळ उरत नाही. म्हणून निदान आठ-दहा दिवस आधी अर्ज द्या.